स्टेरॉइडने नजर परतली नाही: प्लाझ्मा एक्सचेंज कधी आणि किती?

प्रश्न
ऑप्टिक न्यूरायटिस (डोळ्याच्या नसेची सूज), उजवा डोळा. डोळ्यापुढे हात हलवला तर तेवढाच कळतो. एमआरआयमध्ये नस लांबपर्यंत सुजलेली, सूज पार कायॅझ्मापर्यंत (दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकत्र येतात तिथपर्यंत). मिथाइलप्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) १ ग्रॅमचे ३ डोस झाले, फरक शून्य. अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटीबॉडीचे (शरीराच्याच पेशींवर उलटणारी प्रथिनं) रिपोर्ट यायचेत. त्यासाठी प्लाझ्मा एक्सचेंज (मशीनने रक्तातला पातळ द्रव, म्हणजे प्लाझ्मा, काढून बदली द्रव देणं) थांबवावं का? वजन ६० किलो, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ३६, रक्तदाबासाठी रामिप्रिल चालू.

प्रतिसाद १
अजिबात थांबू नका. सूज कायॅझ्मापर्यंत आणि नजर इतकी गेलेली, म्हणजे एनएमओ (अँटीबॉडीमुळे डोळ्याच्या नसेला आणि मज्जारज्जूला सूज आणणारा आजार) धरूनच चालायचं. नसेचे तंतू एकदा मेले की नंतर कितीही अँटीबॉडी काढल्या तरी ते परत येत नाहीत, म्हणून इथे एकेक दिवस मोलाचा. फक्त अँटीबॉडीचा नमुना पहिल्या सेशनआधी गेलाय ना, ते बघा. नंतर घेतला तर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो.

हिशोब: ६० किलो × किलोमागे ६५ मिली = ३९०० मिली रक्त. त्यातला प्लाझ्मा (१०० वजा हिमॅटोक्रिट) ६४ टक्के, म्हणजे साधारण २.५ लिटर. एका सेशनला याच्या १ ते १.५ पट काढायचा आणि बदली ५ टक्के अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) द्यायचं. दिवसाआड, एकूण ५ ते ७ सेशन.

दिवसाआड का? एक पट काढला की रक्तातलं आयजीजी (अँटीबॉडीचा मुख्य प्रकार) साधारण ६३ टक्के उतरतं. पण शरीरातलं निम्म्याहून जास्त आयजीजी रक्तवाहिन्यांबाहेर असतं, ते पुढच्या एक-दोन दिवसांत आत झिरपतं. म्हणून एका बैठकीत दुप्पट काढून फारसं हाती लागत नाही.

प्रतिसाद २
रामिप्रिल आजच बंद करायला सांगा, पहिल्या सेशनआधी निदान २४ तास, जमलं तर ४८. या गटातल्या गोळ्यांमुळे ब्रॅडिकायनिन (रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थ) मोडलं जात नाही. सेशनमध्ये चेहरा लाल होतो आणि बीपी धाडकन पडतं. बीपीसाठी तोवर दुसऱ्या गटातली गोळी डॉक्टर ठरवतील.

ओठांभोवती मुंग्या आल्या की रुग्णाने लगेच सांगायचं. सायट्रेटने (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून घालतात) कॅल्शियम बांधून घेतल्याची ती पहिली खूण. मशीनचा वेग कमी करून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं की बहुधा थांबतं. दुर्लक्ष केलं तर बोटं आखडतात. अल्ब्युमिनमध्ये गोठण्याचे घटक नसतात, त्यामुळे दर सेशनआधी फायब्रिनोजेन (त्यातलाच एक घटक) बघा, आणि मानेतली लाइन (शिरेत घातलेली नळी) काढण्याच्या दिवशी तर नक्कीच.

प्रश्नकर्ता
नमुना आधीच गेलाय. स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब (अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींवरचं औषध) कसं बसवायचं?

प्रतिसाद १
स्टेरॉइड सेशन संपल्यावर, आधी नाही. रिटुक्सिमॅब शेवटच्या सेशननंतर. मध्येच दिलं आणि दुसऱ्या दिवशी मशीन लावलं, तर महागडं औषध काढलेल्या प्लाझ्माच्या पिवळ्या पिशवीत जमा होतं. आयव्हीआयजीचंही (शिरेतून दिलं जाणारं अँटीबॉडीचं औषध) तेच. आणि दुसऱ्या सेशननंतर नजर तशीच राहिली म्हणून सोडून देऊ नका. सुधारणा कधी कधी सगळी सेशन संपल्यावर, काही आठवड्यांनी दिसते.