अनुभव धागा: कमी पैशांत जास्त वर्षं चालणारा गेमिंग पीसी. कुठे पैसे घातलेत, कुठे फसलात?

परवा धूळ काढायला पीसी उघडला आणि सहज हिशेब केला. २०१७ साली जोडलेल्या मशीनमधलं आज काय शिल्लक आहे? कॅबिनेट, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड. बाकी सगळं एकेक करून बदललं. तरी घरातले त्याला 'तो जुना पीसी' म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं.

तेव्हा रायझन ५ १६०० घेतला होता, बी३५० चिपसेटच्या साध्या बोर्डावर. एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) इतकं लांब चालेल याची मला काडीची कल्पना नव्हती. बोर्ड स्वस्त होता म्हणून घेतला, बस. पण २०२२ मध्ये त्या जुन्या बोर्डांनाही ५००० मालिकेचे प्रोसेसर चालवणारे बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारे बोर्डाचे प्रोग्रॅम, आले. २०२४ मध्ये मी १६०० काढून ५७००एक्स३डी बसवला. विंडोज ११ च्या यादीत १६०० नव्हताच, तेही एक निमित्त. त्या वेळी बोर्ड तोच, रॅम तीच, ग्राफिक कार्ड तेच. पण गर्दीच्या जागी गेम अडखळायचा तो बंद झाला. या प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतलीच जलद मेमरी) आहे, गेमना ती फार मानवते.

एकच गोष्ट जपा. नवा बायोस जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच टाकायचा, आधी प्रोसेसर बदलला तर स्क्रीनच येणार नाही. ती टक्केवारीची पट्टी सरकत होती तेवढा वेळ मी घरातल्या कुणाला स्विचबोर्डाजवळ फिरकू दिलं नाही.

तर लिहा. मॉडेलांच्या याद्या नकोत, त्या सहा महिन्यांत शिळ्या होतात. पैसे कुठे घातले आणि त्यातलं काय टिकलं, काय वाया गेलं, ते सांगा.

* * *

माझं उत्तर एका शब्दात: एसएमपीएस. पहिल्या मशीनला मी सगळं चांगलं घेतलं आणि शेवटी उरलेल्या पैशांत एसएमपीएस घेतला. डब्यावर ५०० वॅट लिहिलं होतं, उचलला तर हलका फूल. वर्षभराने एका रात्री फट्ट आवाज, जळका वास आणि अंधार. जाताना बोर्डही घेऊन गेला.

मग वाचायला बसलो. ८० प्लस गोल्ड म्हणजे निम्म्या लोडवर साधारण ९० टक्के वीज कामी येते, ब्राँझ म्हणजे ८५ च्या आसपास. म्हणजे तो शिक्का विजेच्या बचतीचा आहे. जास्त करंट खेचला गेला तर तो स्वतः बंद होईल की नाही, आतले कपॅसिटर कसले आहेत, याबद्दल तो शिक्का काहीच बोलत नाही. मी आता वॉरंटीची वर्षं बघतो. सात किंवा दहा वर्षं द्यायला जो तयार आहे त्याने आत काहीतरी बरं घातलं असणार, असा माझा सरळ हिशेब.

आणि वॅटचा बाऊ करू नका. कार्ड २०० वॅट, प्रोसेसर १०० वॅट, बाकी सगळं मिळून ५० धरा. ६५० चा चांगला एसएमपीएस भरपूर झाला. ८५० चा भंगार घेण्यापेक्षा तो शतपटीने बरा.

* * *

वरच्या प्रतिसादाला जोडून, माझा मूर्खपणा. एसएमपीएस बदलला, जुना-नवा दोन्ही मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारे. जुन्या वायरी कॅबिनेटच्या मागून पट्ट्या मारून इतक्या सुबक बसवल्या होत्या की उपसायचा जीव होईना. टोक बसतंय म्हटल्यावर त्याच वायरी नव्या एसएमपीएसला लावल्या.

ड्राइव्हच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येकाची आपापली, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले. एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही एका सेकंदात गेल्या. चार वर्षांचे फोटो त्यात होते. नव्या डब्यातल्या वायरी अजून पिशवीत बांधलेल्या होत्या.

* * *

मी थोडं उलट बोलणार आहे. धागाकर्त्याला सॉकेट पावलं, सगळ्यांना पावत नाही. मी 'पुढे वाढवता येईल' म्हणून भारी बोर्ड घेतला होता: रॅमच्या चार खाचा, एसएसडीसाठी तीन एम.२ खाचा, ओव्हरक्लॉकिंगची (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायची) सोय, दिवे. सहा वर्षांत काय वाढवलं? एक एसएसडी. मोठा प्रोसेसर घ्यायची ऐपत झाली तोवर पुढच्या पिढीला वेगळा बोर्ड लागू लागला होता. गंमत म्हणजे सॉकेटच्या पिनांची संख्या तीच, तरी जुन्या बोर्डावर चालेना.

बोर्डावर मी किती जादा उधळले त्याचा हिशेब केला, तर तेवढ्यात एक पायरी वरचं ग्राफिक कार्ड आलं असतं आणि सहाही वर्षं रोज वापरलं गेलं असतं. पुढची दोन-तीन वर्षं तुम्ही खरोखर काय बदलणार आहात ते स्वतःला खरं खरं विचारा. रिकाम्या खाचांचे पैसे भरू नका.

* * *

+१. माझ्याही तीन खाचा अजून कोऱ्या आहेत.

* * *

आमच्या घरातली गोष्ट. मी आणि थोरला भाऊ, एकाच महिन्यात कार्डं घेतली. तेव्हा एकाच नावाचं कार्ड ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत मिळायचं. मी ३ जीबीवालं घेतलं आणि वाचलेल्या पैशांत गेम घेतले. (नाव एक असलं तरी आतली चिपही थोडी कापलेली असते हे नंतर कळलं.) पहिलं वर्षभर दादाच्या आणि माझ्या खेळण्यात काही फरक नव्हता, मी त्याला चिडवायचो सुद्धा.

दुसऱ्या वर्षापासून माझ्याकडे भिंती उशिरा रंगायला लागल्या. म्हणजे भिंतीजवळ जाऊन उभं राहायचं, ती आधी चिखलासारखी दिसणार, मग दोन सेकंदांनी विटा उमटणार. कार्डाची मेमरी भरली की टेक्श्चर (भिंती-जमिनीवर चढवायची चित्रं) साध्या रॅममधून ओढावी लागतात, तिथे झटके बसतात. कार्डाची चिप कमजोर असेल तर सेटिंग उतरवून भागतं, पण मेमरी कमी असेल तर आधी चित्रच विटतं. दादाचं ६ जीबी कार्ड माझ्यापेक्षा तीन वर्षं जास्त चाललं. एफएसआर (गेम कमी रिझोल्यूशनवर चालवून चित्र मोठं करणारी सोय) जुन्या कार्डांवरही चालतं, त्याच्या जोरावर शेवटचं दीड वर्ष त्याने रेटलं.

त्यालाही शेवट आलाच. २०२४ अखेर इंडियाना जोन्सचा गेम आला तो रे ट्रेसिंगच्या (प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावल्या काढण्याच्या) हार्डवेअरशिवाय सुरूच होत नाही. मेमरी कितीही असो, ती सोय नसलेलं कार्ड आता सेकंडहँडमध्येही घेऊ नका, निदान नवे गेम खेळायचे असतील तर.

* * *

छोटासा अनुभव. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर घेतला आणि आठ महिने ६० वर चालवला. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलावा लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी आठ महिने सगळ्यांना सांगत होतो की '१४४ मुळे केवढा फरक पडतो!'

* * *

हसून मेले. पण मी त्याहून वरचढ आहे. मी पहिल्यांदा पीसी जोडला तो गेल्या वर्षी, एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटवर, नव्या पिढीची डीडीआर५ रॅम. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी ठिक्कर. दोन मिनिटं थांबले, बंद केलं. रॅम काढून पुन्हा बसवली, पुन्हा काळी. तिसऱ्यांदा बंद केलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हटलं पिना वाकवल्या आपण. वैतागून चालू तसाच ठेवला आणि आंघोळीला गेले. परत येऊन बघते तर बायोसची स्क्रीन.

पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि त्याला काही मिनिटं लागतात. मी दर वेळी मध्येच बंद करून त्याला पहिल्यापासून सुरू करायला लावत होते.

रॅमबद्दल आणखी दोन गोष्टी. एकाऐवजी दोन स्टिका घ्या आणि चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. मग बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) चालू करा, नाहीतर डब्यावरचा वेग मिळतच नाही. 'आत्ता दोन, पुढे आणखी दोन' हा बेत डीडीआर५ ला फारसा मानवत नाही, चार स्टिका लावल्या की वेग बराच उतरवावा लागतो. त्यामुळे मी सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन घेतल्या.

* * *

सेकंडहँडवाला आहे मी, आणि अभिमानाने. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (ग्राफिक कार्डं रात्रंदिवस चालवून चलन कमावणं) बंद झालं आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला. सगळे सांगत होते, घेऊ नकोस, पिळून काढलेली असतात. मी घेतलं. विकणाऱ्याच्या घरी बसून, त्याच्याच पीसीवर अर्धा तास जड गेम चालवला. तापमान चढत जाऊन कुठे थांबतं ते बघितलं, पंख्याला कान लावला. बेअरिंग गेलेलं असलं की कुरकुर लगेच कळते. घरी आणून चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट आणि थर्मल पॅड बदलले. अजून चालू आहे. जो माणूस 'चालतं हो, घेऊन जा' म्हणतो आणि लावून दाखवत नाही, तिथून उठायचं.

कार्ड, प्रोसेसर, कॅबिनेट सेकंडहँड चालतं. एसएमपीएस आणि हार्डडिस्क कधीच नाही.

* * *

कॅबिनेटबद्दल कुणीच बोललं नाही. समोर अख्खी काच असलेलं घेतलं होतं, दिसायला देखणं. तीन पंखे आत, पण हवा यायला कडेची बोटभर फट. कार्ड ८४ अंशांवर. एक दिवस समोरचं पॅनल ओढून काढलं, तसाच गेम लावला, दहा मिनिटांत ७५. त्यानंतर ते पॅनल पलंगाखाली आहे. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट घ्या. आणि हवेच्या डब्याने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरा, गरगर फिरू देऊ नका.

* * *

माझ्याकडे कार्डाचे पैसे नव्हते म्हणून मी वेगळा रस्ता धरला. रायझन ५ ७६००, त्यात किरकोळ का होईना ग्राफिक्स असतं. चांगला एसएमपीएस, साधा बोर्ड, जाळीचं कॅबिनेट. आठ महिने जुने गेम खेळलो, एकही दिवस वाईट गेला नाही. दरम्यान नवीन पिढी आली, आधीच्या कार्डांच्या किमती उतरल्या आणि मनासारखं मिळालं.

काल आलं. डबा उघडला, बसवायला गेलो आणि कार्ड १२ मिलिमीटरने लांब! पुढच्या हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडतंय. सॉकेट, वॅट, मेमरी सगळं आठ महिने अभ्यासलं, फूटपट्टी काही लावली नाही. पिंजरा रिव्हेट मारून बसवलाय असं दिसतंय. ड्रिल मारायचं धाडस कुणी केलंय का?

* * *

थांबा, ड्रिल मारू नका! कॅबिनेट आडवं करून खालून बघा. तळाच्या धूळजाळीखाली चार स्क्रू असतात बहुतेक वेळा. आणि कार्ड आधी बाहेर काढून ठेवा.

* * *

होते. चारही. निघाला.