सॅडोमॅसोकिझम म्हणजे आजार की आवड?

कोराकागद:
विषय अडचणीचा आहे, चेष्टा करायची असेल तर कृपया दुसरा धागा बघा. माझी एक जवळची मैत्रीण, पस्तिशीतली, लग्नाला बरीच वर्षं झालेली, परवा बोलता बोलता म्हणाली की तिला आणि नवऱ्याला दोघांनाही बेडरूममध्ये हात बांधणं, फटके, एकाने हुकूम सोडायचा नि दुसऱ्याने ऐकायचा असलं आवडतं आणि ते सगळं आधी बोलून ठरवून करतात. मी वरवर "बरं" म्हटलं पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. यालाच सॅडोमॅसोकिझम म्हणतात ना? हे खूळ आलं कुठून, डॉक्टर याला आजार मानतात का, आणि मग बायकोला मारणाऱ्यात आणि यात फरक तो काय राहिला? ती मजेत आहे हो, झोप माझी उडालीये.

उंटावरचाशहाणा:
हो, यालाच म्हणतात. वेदना देण्यात, सोसण्यात किंवा सत्ता गाजवण्यात-सोपवण्यात लैंगिक सुख मिळणं, असा ढोबळ अर्थ. नावं तिकडची आहेत, प्रकार जगभरचा आणि जुना. 'सॅडिझम' आला मार्की द सादवरून (१७४०–१८१४), ज्याचं अर्धं आयुष्य तुरुंगात आणि वेड्यांच्या इस्पितळात गेलं. 'मॅसोकिझम' आला साखर-माझोख या ऑस्ट्रियन लेखकावरून, त्याची १८७० ची कादंबरी आहे 'व्हीनस इन फर्स', तिच्यातला नायक स्वतःहून एका बाईचा गुलाम होतो. क्राफ्ट-एबिंग नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने हे दोन्ही शब्द वैद्यकात रूढ केले, आणि गंमत म्हणजे माझोख तेव्हा जिवंत होता, चांगला नावाजलेला लेखक, आणि त्याचं आडनाव डॉक्टरांनी विकृतीला चिकटवून टाकलं. पुढे फ्रॉइडने १९०५ मध्ये म्हटलं की दोन्ही ओढी एकाच माणसात सापडतात, तिथून जोडशब्द चांगलाच रुळला.

आणि पाश्चात्य खूळ म्हणणाऱ्यांनी कामसूत्र फक्त चित्रांपुरतं बघितलेलं असतं. त्यात नखक्षत आहे, दंतक्षत आहे, प्रहणन म्हणजे प्रणयातले फटके आणि त्यावरचे सीत्कार यांवर अख्खा अध्याय आहे. पण तिथेच वात्स्यायन नावं घेऊन सांगतो की चोल राजाच्या हातून चित्रसेना गणिका अशा प्रहाराने मेली, कुंतल शातकर्णी सातवाहनाच्या हातून महाराणी मलयवती मेली, आणि असले घातक प्रकार त्याला मान्य नाहीत. म्हणजे आवड आणि धोका दोन्ही एकाच पानावर.

वाचाळवीर:
आमच्याकडे हुकूम सोडणं-ऐकणं दिवसभर चालतं, फक्त आधी बोलून ठरवलेलं नसतं :)

संध्यारंग:
वाचाळवीर, हसले :) पण तुमच्या त्या "फक्त"मध्येच कोराकागद यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे बघा.

मी समुपदेशनाचं काम करते म्हणून आजाराचं तेवढं सांगते. आता नुसत्या आवडीला आजार म्हणत नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांचं निदान करायच्या पुस्तकात, स्पष्ट आहे की त्या आवडीमुळे माणसाला स्वतःला लक्षणीय त्रास होत असेल, आयुष्य विस्कटत असेल किंवा संमती नसलेल्या कुणावर ती लादली जात असेल तरच निदान करायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमधून सॅडोमॅसोकिझम हे निदानच काढून टाकलंय, राहिलाय तो फक्त जबरदस्तीचा सॅडिझम. डेन्मार्कने तर आपल्या यादीतून १९९५ लाच काढलं होतं. लहानपणी अत्याचार झालेला असतो म्हणूनच असं आवडतं, हे लोक छातीठोकपणे सांगतात, पण ऑस्ट्रेलियात एकोणीस हजारांवर लोकांचा सर्व्हे झाला होता (२००८ मध्ये छापून आला), त्यात असं करणाऱ्यांवर पूर्वी लैंगिक जबरदस्ती झाल्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं नाही, ते जास्त दुःखी-चिंताग्रस्तही नव्हते.

आणि मारहाणीशी फरक वेदनेच्या तीव्रतेत शोधू नका. थांबवायची चावी कुणाकडे आहे ते बघा. मार खाणारी बाई "बास" म्हणाली तर मार वाढतो, इथे "बास" म्हटल्यावर खेळ तिथेच संपायला हवा, आणि नंतर जवळ घेणं, पाणी देणं, विचारपूस करणं हाही त्याचाच भाग धरतात, त्याला आफ्टरकेअर म्हणतात.

रातराणी:
संध्यारंग, सगळं पटतंय पण मला खडा टाकायचाच आहे. संमती संमती म्हणतो आपण, ज्या घरात बाईने साधं "आज नको" म्हटलं तरी आठवडाभर अबोला असतो तिथल्या "हो"ला काय अर्थ आहे? पैसा त्याच्याकडे, घर त्याचं, माहेरी परतायची सोय नाही, आणि तो म्हणतो की हिलाही आवडतं. मी तरी आधी हे विचारीन की ती कधी नाही म्हणाली होती का आणि म्हणाली तेव्हा पुढे काय झालं.

कायद्यालाही हे नीट सुटलेलं नाही. इंग्लंडमध्ये समलिंगी पुरुषांच्या एका गटावर, सगळे राजीखुशीने करत होते, कुणाची तक्रार नव्हती, तरी खटला झाला आणि १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) तीन विरुद्ध दोन मतांनी शिक्षा कायम केली. १९९७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही त्यांची दाद मानली नाही. मला तो निकाल अन्यायाचा वाटतो, बॉक्सिंगमध्ये नाक फुटलेलं चालतं आणि हे चालत नाही. पण दुसरी बाजू बघा, त्याच देशात बाईचा जीव घेऊन "तिनेच मागितलं होतं" असा बचाव पुरुषांनी कोर्टात केलाय, आणि तो बंद करायला २०२१ च्या कायद्यात लिहावं लागलं की लैंगिक सुखासाठी गंभीर इजेला संमती होती हा बचाव चालणार नाही. एकच शब्द, एकाला तो असूनही वाचवत नाही आणि दुसरा त्याच्याआड लपतो.

कोराकागद:
सगळ्यांचे आभार. रातराणी यांचा प्रश्न मी तिला जसाच्या तसा विचारला, धीर करून. ती हसायलाच लागली, म्हणाली आमचा ठरलेला शब्द आहे 'त्रैराशिक', कारण तो अशा वेळी चुकून तोंडात येणं शक्यच नाही. "नको नको" हे कधी कधी खेळातलंच असतं म्हणून वेगळा शब्द. एकदा पायात गोळा आला म्हणून ती त्रैराशिक म्हणाली तर नवऱ्याने घाईघाईत गाठ सोडवली आणि अर्धा तास पाय चोळत बसला, वर स्वतःच घाबरलेला. आणि हे सगळं सुचवलं तिनेच होतं, त्याची समजूत काढायला वेळ लागला म्हणे! मी उगाच धरून चालले होते की त्याचंच डोकं असणार. आता मला जरा बरं वाटतंय. फक्त एक, ती म्हणाली की गळा हलका दाबण्याबद्दल कुठेतरी वाचलंय आणि करून बघायचा विचार आहे. ते ठीक असतं का?

संध्यारंग:
नाही. हे तिला आजच सांगा. फटक्याला मांडी-नितंबासारखी मांसल जागा असते, चूक झाली तर वळ उठतो. गळ्याला तशी जागा नाही, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या की काही सेकंदांत शुद्ध जाते आणि शुद्ध गेल्यावर त्रैराशिक कोण म्हणणार? बाहेर खूण नसताना आत इजा झालेली असू शकते, लकव्याचा झटकाही येऊ शकतो, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. हलकं, अनुभवी हाताने, वगैरे कुठल्याच पद्धतीला सुरक्षित म्हणता येत नाही. बाकी दोरी वापरत असतील तर कापायला कात्री हाताशी ठेवा म्हणावं, बोटांना मुंग्या आल्या की लगेच सोडायचं, बांधलेल्या माणसाला एकटं टाकून दुसऱ्या खोलीत जायचं नाही. आणि तोंड बांधलेलं असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यायचा, तो खाली पडला की थांबायचं.