जुना चेनसॉ की नवा?
जुन्या चेनसॉची (लाकूड कापायच्या साखळी-करवतीची) ताकद आणि दर्जा नव्यांत राहिला नाही, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. स्टिल कंपनीचा जुना ०७० घ्या: इंजिन १०६ सीसी, सुमारे ४.८ किलोवॉट आणि वजन साखळी आणि ती जिच्याभोवती फिरते ती पट्टी सोडूनच दहा किलोच्या आसपास. त्याच कंपनीचा आजचा एमएस ५००आय ७९ सीसीचा, तरी ५ किलोवॉट देतो आणि वजन फक्त ६.२ किलो! मात्र जुन्याचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळायचा. लांब पट्टी जाड ओंडक्यात रुतली तरी इंजिन दम सोडत नसे, हे खरंच आहे. नवं इंजिन वेगाने फिरूनच ताकद देतं.

दर्जाचं म्हणाल तर व्यावसायिक यंत्रांत आजही क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं कवच, मॅग्नेशियमचं असतं. आपण जुन्या व्यावसायिक यंत्राची तुलना आजच्या स्वस्त घरगुती यंत्राशी करतो, तिथेच चुकतं.

आणि चेन ब्रेक, म्हणजे साखळी झटकन थांबवणारा ब्रेक? कित्येक जुन्या यंत्रांना तो नव्हताच. पट्टीचं टोक अडकून यंत्र उसळलं की साखळी थेट चेहऱ्याकडे येते. कंपनांनी बोटं बधिर होतात ते वेगळंच. रोजच्या कामाला तरी मी जुनं यंत्र कुणाच्या हातात देणार नाही.