नर्सिंगच्या पोरीले १९४३ चा पिच्चर दाखवू का नको?

कापूसवाला:
रामराम मंडळी. माही भाची यंदा जीएनएमले लागली, आमच्या गावातून नर्सिंगले जानारी पहिलीच पोट्टी. पंधरा दिवसानं तिचा लॅम्प लायटिंगचा, म्हंजे दिवा हातात घेऊन नर्सची शपथ घ्याचा, कार्यक्रम हाये, मामा याच म्हनून तीनदा फोन करून झाला. आता झालं काय, परवा शेताची लाईन रातची होती, मोटर चालू करून धुऱ्यावर बसलो अन् मोबाईलवर 'द लॅम्प स्टिल बर्न्स' नावाचा जुना इंग्रजी पिच्चर सापडला. अर्धं बोलनं डोक्यावरून गेलं पन समजला. चांगली आर्किटेक्ट बाई काम सोडून नर्स व्हाले जाते अन् तिथं उठता बसता नियम, वरून लग्न कराचं तर नर्सिंग सोड. मले वाटलं पोरीले दाखवावं, तर बायको म्हनते काऊन तिले भेव घालता, आधीच होस्टेलवर रडून राह्यली थे. अन् लग्नाचं खरंच होतं का हो तसं?

टॉकीजवाला_अमरावती:
खरं होतं भाऊ. नर्सच काय, तिकडे इंग्लंडात मास्तरीण बाईलासुद्धा लग्न केलं की नोकरी सोडावी लागायची, शिक्षिकांचा तो नियम १९४४ ला गेला आणि सरकारी कचेऱ्यांतला १९४६ ला. पिक्चर मोनिका डिकन्सच्या पुस्तकावरून आहे, चार्ल्स डिकन्सची पणती, आणि तिने स्वतः युद्धाच्या काळात नर्सिंगचं ट्रेनिंग घेतलेलं, म्हणून वॉर्डातलं वातावरण तोंडी ऐकल्यासारखं नाही वाटत. निर्माता लेस्ली हॉवर्ड, 'गॉन विथ द विंड' मधला ॲश्ली. जून १९४३ मध्ये जर्मनांनी त्याचं विमान पाडलं, पिक्चर लागायच्या आधीच गेला बिचारा. प्रेमाचा भाग मला जरा पातळ वाटला, स्ट्युअर्ट ग्रेंजर असूनही. शेवट सांगत नाही, बाकीच्यांनी पाहायचा असेल.

रिटायर_सिस्टर:
दादा, दाखवा तिला. मी ३१ वर्षं नोकरी केली, अर्धी ग्रामीण रुग्णालयात. फर्स्ट इयरला आमच्या वॉर्ड सिस्टरने एकच बेड माझ्याकडून पाचदा करून घेतला, चादरीला एक सळ राहिली म्हणून. रात्री उशीत तोंड खुपसून रडली मी. मग सहा महिन्यांनी कमरेखाली लुळे पडलेले एक आजोबा आले, पाठीला हा एवढा बेडसोर, म्हणजे पडून पडून झालेली जखम, तेव्हा समजलं का ती बाई सळीसाठी जीव खात होती. पण त्याच होस्टेलात सीनियर समोरून गेली की जेवता जेवता ताटावरून उठून उभं राहायचं, त्याचं कारण मला आजपर्यंत सापडलं नाही 😄 पिक्चरमधल्या बाईचं भांडणही मला तेच वाटते, कोणता नियम पेशंटसाठी अन् कोणता नुसता धाकासाठी. तुमच्या भाचीला हा फरक कोणी वर्गात शिकवणार नाही.

आणि कार्यक्रमात तो अल्लाउद्दीनसारखा दिवा हातात देतील ना, नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचा तसा नव्हताच. १८५४ मध्ये त्या तुर्कस्तानात स्कुटारीच्या दवाखान्यात गेल्या, तिथला कापडी घडीचा कंदील होता तो, बाजाच्या भात्यासारखा मिटायचा. आमच्या ट्यूटरलाही माहीत नव्हतं.

सेकंड_इयर_वाली:
काका पिच्चर नंतर दाखवा, आधी शपथ पाठ होऊ द्या तिची, आम्ही सगळ्या स्टेजवर अडकलो होतो. अन् येताना शेंगदाण्याची चटणी आना जास्तीची, रूममध्ये एकटीला खाऊ देत नसते कोनी.

कापूसवाला:
सिस्टरताई, कंदिलाचं लय भारी सांगतलं, भाचीले फोनवर सांगतो आजच. इकडं वेगळंच झालं, काल बायकोनंच माह्या मोबाईलवर अर्धा पिच्चर पाह्यला अन् म्हनते हे मेट्रन, नर्सायची मोठी बाई, तर आपल्या वणीच्या आत्याबाईसारखीच हाये. राह्यलेला आज पाहू म्हने. चटणीचं पन तिनंच मनावर घेतलं, दोन किलो दाने फोडून ठेवले.