ड्राफ्टला मराठीत काय म्हणावं? (मसुदा सोडून)

फिलीकर
रविवारी सांगलीला आईशी फोनवर बोलत होतो. लेकाने मध्येच तोंड घातलं, "आजी, आमच्या ईगल्सनी ड्राफ्टमध्ये परत डिफेन्सचाच प्लेअर घेतला!" आई म्हणाली, "ड्राफ्ट? बँकेत काढतात तो?" समजवायला गेलो आणि मीच अडकलो. भाषांतराच्या यंत्राने 'मसुदा' दिला. 'ईगल्सने मसुद्यात मिचेलला घेतले.' जणू त्या खेळाडूचं नाव खरेदीखतात घातलंय!

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी: अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये 32 संघ, त्यातला ईगल्स हा आमचा, फिलाडेल्फियाचा. दरवर्षी एप्रिलअखेरीस कॉलेजातले खेळाडू ते पाळीपाळीने घेतात, सात फेऱ्या. गेल्या मोसमात तळाला राहिलेला संघ आधी, विजेता शेवटी. पाळ्यांची अदलाबदल चालते. बोली नाही. शब्द सुचवा.

रोखठोक
लिलाव. आयपीएलमुळे सगळ्यांना कळतो. विषय संपला.

फिलीकर
नाही संपत. लिलावात ज्याची थैली मोठी त्याचा माल. इथे ज्याची अवस्था वाईट त्याला पहिला घास. अगदी उलटं.

शब्दवेडा
'मसुदा' मुळात अरबी, काळेपणाच्या धातूवरून आलेला. म्हणजे शाईने काळा केलेला कागद. 'ड्राफ्ट' हा ओढण्यावरून. बैलाचं ओढणं, बँकेतून पैसे काढणं आणि सैन्यासाठी माणसं ओढून नेणं, सगळं त्याच कुळातलं. खेळातला अर्थ सैन्याच्या जवळचा, म्हणून 'भरती' म्हणता येईल. खेळाडूला विचारतो कोण? 1936 च्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी जे बर्वँगरचं नाव घेतलं गेलं, तेही ईगल्सनीच. तो एनएफएलमध्ये कधी खेळलाच नाही.

आट्यापाट्या
भरती पोलिसांची. आपण लहानपणी हेच करत होतो की! खापरीला एका बाजूने थुंकी लावायची, 'ओलं की सुकं?' जिंकेल त्याची पहिली पाळी. मग दोन कप्तान आळीपाळीने एकेकाला बोलावणार. याला आमच्याकडे गडी वाटून घेणं म्हणतात. ड्राफ्ट म्हणजे हेच. फरक इतकाच, की तिथे ओल्या-सुक्याऐवजी गेल्या वर्षीचा हिशेब बघतात.

पुणेरी काकू
आमच्याकडे 'गडी' म्हणजे भांडी घासायला येतो तो. 'भिडू' म्हणा ना.

आट्यापाट्या
काकू, भिडू आपल्या बाजूचा असतो. वाटणी होईपर्यंत गडी, झाली की भिडू.

शब्दवेडा
वा! 'भरती' मागे घेतो.

रोखठोक
बरं, आणि शेवटी उरतो तो लिंबूटिंबू?

आट्यापाट्या
लिंबूटिंबू आउट होत नाही, त्याची धाव मोजत नाहीत. 2022 ला अगदी शेवटी, 262 वा निवडलेला ब्रॉक पर्डी पुढे सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) म्हणून खेळला. त्याला लिंबूटिंबू म्हणायची तुमची हिंमत असेल तर म्हणा.

फिलीकर
'गडी वाटणं' पक्कं. आता खरी पंचाईत. आमच्या घरी भांडण डिफेन्सवरून असतं. 2024 ला ईगल्सनी 22 व्या पाळीला क्विन्यॉन मिचेल घेतला आणि लगेच दुसऱ्या फेरीत, अदलाबदल करून वर सरकून, 40 व्या पाळीला कूपर डिजीन. दोघेही कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या संघाच्या चेंडू झेलणाऱ्याला अडवणारे. मी म्हटलं, एकाच जागेला दोन कशाला? लेक म्हणाला, "बाबा, थांबा." थांबलो. 9 फेब्रुवारी 2025, न्यू ऑर्लिन्सचा सुपर बोल. डिजीनने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स याचा पास मध्येच झेलला आणि 38 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट त्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला. त्या दिवशी त्याचा 22 वा वाढदिवस होता. कॅन्सस सिटीला 40-22 ने हरवलं. याला 'बचाव' म्हणायला जीभ वळत नाही. बचाव आरोपीचा असतो.

कोपऱ्यावरचा
कबड्डी आठवा. सातजण साखळी धरून दबा धरून बसलेले, चढाईवाला आत शिरला की घोट्यावर झेप. तोही बचावच, आणि पकडीचे गुणही मिळतात. शब्द मवाळ नाही, तुम्ही कोर्टातून उचललात म्हणून तसा वाटतोय.

कॉर्नरबॅकला तर तयार शब्द आहे, कोपरारक्षक. कबड्डीच्या बातम्यांत डावा-उजवा कोपरारक्षक रोज छापून येतो. एकच खोच: कबड्डीतला खरंच कोपऱ्यात असतो. हा चेंडू घेणाऱ्याच्या मागे सावलीसारखा फिरतो, आणि डिजीन तर बराच वेळ आतल्या बाजूला खेळतो. म्हणजे कोपरा नावापुरता. असू दे, आमच्या गावात वेशीबाहेरच्या मारुतीलाही वेशीचा मारुतीच म्हणतात.

रोखठोक
फॅन लोक 'स्टील' म्हणतात त्याला काय? चोरी?

कोपऱ्यावरचा
घबाड. डिजीनचा पाय मोडलेला होता, तो पहिल्या फेरीत जाईल असं बऱ्याच जणांना वाटत असताना 40 पर्यंत घसरला. घबाडच ते. गाजावाजा करून घेतलेला निघाला कुचकामी, तर फुसका बार. गरजेपेक्षा आधी उचललेला, तो घाईचा सौदा.

फिलीकर
आणि सॅक? क्वार्टरबॅकला चेंडू टाकायच्या आत आडवा करतात तो. त्या सामन्यात महोम्सला सहा वेळा केला.

कोपऱ्यावरचा
पकड.

आट्यापाट्या
पकड झाली की कबड्डीत गडी बाद होतो. हा उठून धूळ झटकतो आणि परत खेळतो, फक्त जागा गमावतो. 'लोळवला' म्हणा.

फिलीकर
काल रेकॉर्डिंग परत लावलं होतं. लेकाला 'लोळवला' शिकवलं. चौथ्या वेळी तो इतक्या जोरात ओरडला की शेजारचे दार वाजवून विचारून गेले, सगळं ठीक आहे ना.

एक राहिलंच. सगळ्यांच्या मागे उभा राहतो तो सेफ्टी. यंत्र म्हणतं 'सुरक्षितता'. 2025 ला 64 व्या पाळीला घेतलेला अँड्र्यू मुकुबा त्याच जागेचा.

पुणेरी काकू
जागल्या. गाव झोपलं तरी हा जागा.