मदत हवी आहे : आयरिश आजोबांचं गाव कसं शोधायचं?

आईचे वडील आयरिश होते, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत गार्ड. १९२३ साली भुसावळला कॅथलिक पद्धतीने लग्न झालं. त्या दाखल्यात वय ३१, वडिलांचं नाव आणि जन्मस्थान फक्त ‘काउंटी कॉर्क’, म्हणजे आयर्लंडमधला एक जिल्हा. गावाचा पत्ता नाही. लष्करी गणवेशातला एक फोटो आहे. टोपीवरच्या बिल्ल्यात पेटता हातगोळा आणि त्यावर वाघ, म्हणजे बहुधा रॉयल मन्स्टर फ्युजिलिअर्स ही ब्रिटिश लष्करातली आयरिश पलटण.

आयर्लंडच्या सरकारी साइटवर जन्मनोंदी फुकट दिसतात. १८९० ते ९४ मध्ये कॉर्कला त्याच नावाची ढीगभर मुलं! वडिलांचं नाव लावूनही तिघं उरतात. १९०१ आणि १९११ची जनगणना पाहून झाली. तिघांपैकी कोणालाच बाद करता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची बरीच कागदपत्रं १९४०च्या लंडनवरील बॉम्बहल्ल्यात जळाली, तिथेही काही मिळालं नाही. डीएनए चाचणीत दूरचे चुलतभाऊ निघाले, पण ते उत्तर देत नाहीत. (नाव इथे मुद्दाम देत नाही, व्यक्तिगत निरोपात सांगेन.)

१९०८ नंतर कॅथलिक लग्नाची खबर वराचा बाप्तिस्मा झालेल्या पॅरिशला (स्थानिक चर्चच्या विभागाला) कळवून तिथल्या वहीच्या समासात लिहायची पद्धत होती, असं वाचलं. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन टाकलेल्या वह्या मात्र साधारण १८८०पर्यंतच्याच.

लंडन-डब्लिनला जाणं जमणार नाही. त्या तिघांच्या पॅरिशना पत्र लिहून अशी समासातली नोंद कोणी मिळवली आहे का? की लग्नाआधी दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला इथल्याच चर्चच्या दप्तरात सापडू शकतो, आणि त्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा?