अल्ट्रासाउंड की कॉइल: खरी अडचण कवटीची

मेंदूत बसवलेल्या इवल्याशा चिपला बिनतारी वीज पोचवायची कशी, अल्ट्रासाउंडनं की तारेच्या वेटोळ्यानं, म्हणजे कॉइलनं? "अल्ट्रासाउंड खोलवर जातो, मग कॉइल कशाला?" असं कुणीही विचारेल. मऊ ऊतींत 1.85 मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम 0.8 मिमी, म्हणून ध्वनीच्या कंपनांपासून वीज बनवणारा मिलिमीटरभर पीझो क्रिस्टल तो छान पकडतो. पण कवटीचं हाड बराचसा ध्वनी परतवतं, शोषतं आणि स्वतः तापतं. बर्कली विद्यापीठाच्या 'न्यूरल डस्ट' या अल्ट्रासाउंडवर चालणाऱ्या इवल्या सेन्सरची 2016 ची चाचणीही उंदराच्या मेंदूत नव्हे, मज्जातंतूत आणि स्नायूत झाली, हे फार महत्त्वाचं! शिवाय त्वचेवर टेकवलेल्या अल्ट्रासाउंड प्रोबखालच्या जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की वीज तुटलीच.

पण कॉइलचीही अडचण आहेच. ब्राउन विद्यापीठाचे न्यूरोग्रेन्स, म्हणजे कॉइलनं वीज घेणाऱ्या मेंदूसाठीच्या चिप, सुमारे 1 गिगाहर्ट्झवर चालतात. मिठाच्या कणाएवढ्या चिपवरची कॉइल इतकी इवलीशी, की मधे वीज पुढे पोचवणारी रिले कॉइल लागतेच. ती जराशी सरकली तरी पोचणारी वीज घटते, आणि ट्रान्समीटरची पॉवर वाढवून भरपाई करावी तर ऊती तापतात.